चिखलदऱ्याचा उद्याचा आराखडा: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिखलदऱ्यावर जीव असणारी माणसं नागपुरात भरपूर आहेत. कुणाची शाळेची पहिली सहल तिथली, कुणाचं आजोळ परतवाड्याचं. कुणी मेळघाटातून शिकायला आलं आणि इथेच नोकरीला लागलं, कुणी तिथे प्लॉट घेतलाय, कुणी घ्यायच्या विचारात आहे. मी नागपुरात नगररचनेचं काम करते, म्हणून या सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात. बरेचसे प्रश्न सारखेच असल्याने उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. कायद्याची कलमं मुद्दाम दिली आहेत, अर्ज लिहिताना ती लागतात. जिथे माझं स्वतःचं मत आहे तिथे तसं स्पष्ट सांगितलंय.

चिखलदरा अमरावती जिल्ह्यात. नागपूरच्या माणसाने त्याच्या आराखड्यात का लक्ष घालायचं?

कारण तिथली गर्दी आपली आहे. नवतपा लागला, पारा ४५ च्या वर गेला की विदर्भातल्या माणसाला आपल्याच मुलखातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून हेच एक आठवतं. पचमढी आहे, पण ती मध्य प्रदेशात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी काटोल-वरूड-मोर्शीवरून किंवा अमरावतीवरून परतवाड्याकडे जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटा बघा, एमएच ३१, ४० आणि ४९ किती दिसतात ते कळेल. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून त्याच वर्षी प्रवासी विमानं सुरू झाली. आजवर विदर्भापुरतं राहिलेलं हे गाव आता पुण्या-मुंबईच्याही आवाक्यात येतंय.

आणि गाव केवढं? २०११ च्या जनगणनेत वस्ती ५ हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावाच्या पाण्यावर, रस्त्यावर, कचऱ्यावर आपण भार टाकत असू, तर त्याच्या भविष्याबद्दल बोलणं हे आपलंही काम आहे. कायदाही आड येत नाही. आराखड्यावर हरकत किंवा सूचना कोणतीही व्यक्ती देऊ शकते, तिथे जमीन असायलाच हवी अशी अट नाही.

विकास आराखडा म्हणजे नेमकं काय? नवीन पॉइंट, नवीन बगीचा कुठे होणार, तेच ना?

नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखडा म्हणजे पुढच्या साधारण वीस वर्षांसाठी जमिनीच्या वापराचा ठराव. त्यात नकाशा असतो, अहवाल असतो आणि बांधकामाची नियमावली असते. नकाशावर पिवळा रंग दिसला की निवासी, हिरवा दिसला की शेती किंवा मोकळी जागा. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, बसस्थानक, वाहनतळ यांची आरक्षणं त्यावर नंबर घालून दाखवलेली असतात.

लोक नकाशा बघतात आणि अहवाल सोडून देतात. मी उलटं करायला सांगेन. अहवालात लोकसंख्येचा अंदाज, पाण्याचा हिशेब आणि पर्यटकांचा आकडा कुठून आणलाय ते लिहिलेलं असतं. तो पाया कच्चा असेल तर वरचे रंग कितीही सुबक असोत, उपयोग नाही.

हा आराखडा तयार कोण करतं? नगरपरिषद, सिडको की मंत्रालय?

साधारणपणे नगरपरिषद हीच आपल्या हद्दीची नियोजन प्राधिकरण असते. पण शासन कलम ४० खाली एखाद्या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमू शकतं. चिखलदरा आणि त्याच्या भोवतालच्या गावांसाठी हे काम सिडकोकडे दिलेलं आहे. अंतिम मंजुरी राज्य शासनाच्या नगरविकास विभागाची.

म्हणजे गावाचे निर्णय गावाबाहेर होण्याची शक्यता इथे जरा जास्तच आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला तो याच कारणासाठी, की गावात राहणाऱ्याला गावाच्या नकाशावर हात ठेवता यावा. तांत्रिक काम कुणीही करो, नगरपरिषदेच्या सभेत आणि भोवतालच्या गावांच्या ग्रामसभांत मसुदा वाचला गेला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मसुदा जाहीर झाला की हरकत कशी द्यायची? आधी कधी दिलेली नाही.

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर सांगते.

नगरपरिषदेच्या आराखड्याचा क्रम असा. आधी कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग कलम २५ प्रमाणे सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार होतो. मग कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. राजपत्रातल्या सूचनेपासून लहान नगरपरिषदेसाठी ३० दिवस हरकती-सूचनांचे असतात. त्यानंतर कलम २८ प्रमाणे नियोजन समितीसमोर सुनावणी, आणि शेवटी कलम ३१ खाली शासनाची मंजुरी. विशेष प्राधिकरणाच्या आराखड्यात कलमं थोडी वेगळी असतात, तरी मसुदा लोकांपुढे ठेवून हरकती मागवणं त्यातही असतं. मुदत किती आहे ते त्या जाहिरातीतच नीट वाचा.

३० दिवस ऐकायला बरे वाटतात. त्यातला पहिला आठवडा बातमी कळण्यात जातो, दुसरा नकाशाची प्रत मिळवण्यात. म्हणून मसुदा येण्याआधीच स्वतःच्या जागेचा सातबारा किंवा आखीव पत्रिका, मोजणीची नकल आणि गट नंबर हाताशी ठेवा.

अर्ज साधा हवा. एका अर्जात एकच मुद्दा. «आराखडा पर्यावरणविरोधी आहे, रद्द करावा» असं लिहिलं तर समितीला त्यावर काही करता येत नाही, तो अर्ज सरसकट उत्तरांच्या गठ्ठ्यात जातो. त्याऐवजी असं लिहा: «गट नंबर अमुक व अमुकमधून दाखवलेला १२ मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता पावसाळी ओढ्याच्या पात्रावरून जातो. ओढा गाव नकाशावर दर्शवलेला आहे, नकल सोबत जोडली आहे. रस्त्याची आखणी ओढ्यापासून वरच्या बाजूस हलवावी व ओढ्याच्या दोन्ही काठांस नाविकास पट्टा दाखवावा.» जागा, अडचण, पुरावा, मागणी. पावसाळ्यात त्या ओढ्याला पाणी असतानाचा तारखेसह काढलेला फोटो जोडला तर हजार शब्दांचं काम होतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घेऊन पोच जपून ठेवा. सुनावणीचं पत्र आलं की जा. आपण गेलो नाही तर आपल्या मुद्द्याची बाजू मांडायला तिथे दुसरं कुणी नसतं. आणि अर्जात सुनावणीची मागणी स्पष्ट शब्दांत करायला विसरू नका.

सपाटीवरच्या शहराचे नियम डोंगरावर का चालत नाहीत? जागा तर आहे.

जागा दिसते, पण ती सगळी बांधण्याजोगी नसते. महाराष्ट्रात उताराचं एक प्रस्थापित माप आहे, १:५. पाच मीटर आडवं चालल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ येत असेल तर तिथे बांधकाम नको. अंशांत सांगायचं तर हा उतार जेमतेम ११ अंशांचा. चालताना तो फारसा जाणवतही नाही, आणि म्हणूनच प्लॉट बघायला गेलेला माणूस फसतो.

चिखलदरा ज्यांवर वसलंय ते गाविलगडचे डोंगर बेसाल्टचे, म्हणजे लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचे. खडक घट्ट असतो, पण दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीची पातळ पट्टी असते, वरचा काही भाग झिजून मुरूम झालेला असतो आणि सगळ्यात वर मातीचा पातळ पापुद्रा. झाडाची मुळं तो पापुद्रा धरून ठेवतात. आता पोकलेन लावून उतार कापला, सपाट प्लॉट काढला आणि निघालेला मुरूम खालच्या अंगाला लोटला, तर एकाच वेळी दोन चुका होतात. वरच्या कापलेल्या भिंतीचा आधार जातो आणि खालच्या उतारावर सैल भर पडते. पहिल्या दोन पावसाळ्यांत काही होत नाही. मग एका जुलैत सलग तीन दिवस पाऊस पडतो.

माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, दीडशेवर माणसं गेली. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड कोसळली. दोन्ही ठिकाणं सह्याद्रीतली, पण खडक बेसाल्टचाच. चिखलदऱ्याला हे होईल असं भाकीत मी करत नाही. उताराचा, मातीच्या जाडीचा आणि ओढ्यांचा नकाशा आधी करा, आणि रंग त्यानंतर भरा, एवढीच मागणी आहे. आपल्या नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं, ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. पाण्याच्या वाटेत बांधलं की काय होतं हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

आणखी एक. बरेच लोक विचारतात, २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीमुळे, म्हणजे यूडीसीपीआरमुळे, तिथेही एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण, वाढलं का? त्या नियमावलीतून गिरिस्थान नगरपरिषदा आणि अधिसूचित पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रं वगळलेली आहेत. नागपूरचं गणित तिकडे लावू नका.

एवढा पाऊस पडतो तिथे, तरी पाणीटंचाई कशी?

उंचावर पडलेलं पाणी थांबत नाही. चिखलदऱ्याला वर्षाला सरासरी १,५०० मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, नागपूरपेक्षा बराच जास्त. पण गाव कड्याच्या टोकावर वसलेलं. पंचबोल पॉइंटवरून, भीमकुंडात, देवी पॉइंटवरून जे धबधबे आपण बघतो ते गावाच्या हातून निसटून खाली चाललेलं पाणी आहे. बेसाल्टमध्ये ते फटींतूनच मुरतं, साठवण थोडी. मार्च-एप्रिलपर्यंत झरे आटतात. चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलसारख्या गावांत उन्हाळ्यात टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो, आणि विहिरीच्या काठावर सगळ्या बाजूंनी दोर-बादल्या पडतात. चार घागरींसाठी बायामाणसांची जी ओढाताण होते ती एकदा पाहिलेला माणूस पुढे हॉटेलच्या बाथटबबद्दल वेगळा विचार करतो.

हिशेब मांडू या. मलनि:सारण व्यवस्था असलेल्या गावासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे आपल्याकडचं रूढ प्रमाण. ५ हजार रहिवाशांना लागतात ६ लाख ७५ हजार लिटर. समजा एका लांब सुटीला २० हजार माणसं मुक्कामी आली. त्यांचे २७ लाख लिटर. म्हणजे त्या दिवशी गावाला रोजच्या पाचपट पाणी हवं. आणि लोक येतात ते नेमके मे महिन्यात, तलाव तळाला गेलेले असताना.

«खालच्या धरणातून उचलून आणू» हे उत्तर सभांमध्ये हमखास येतं. आणता येईलही. पण १ हजार लिटर पाणी ७०० मीटर वर चढवायला निव्वळ भौतिकशास्त्राच्या हिशेबाने जवळपास २ युनिट वीज लागते, पंप आणि पाइपमधली घट धरली तर अडीच-तीन. हे बिल कायम कोण भरणार, ते आराखड्याच्या अहवालात लिहिलेलं असलं पाहिजे.

त्यापेक्षा छतावरचं पाणी बघा. १०० चौरस मीटरच्या छतावर १,५०० मिलिमीटर पाऊस पडला की दीड लाख लिटर होतं. गळती, पहिला पाऊस सोडून देणं हे सगळं धरूनही लाखभर लिटर हाती लागतं. मोठं छत म्हणजे मोठं हॉटेल. प्रत्येक नव्या हॉटेलला जमिनीखालची साठवण टाकी सक्तीची करा, आणि टाकी केवढी हे खोल्यांच्या संख्येवरून ठरवा. काळापाणी आणि शक्कर तलावाच्या पाणलोटात एकही नवं बांधकाम नको. हे दोन नियम लिहायला एक पान पुरतं.

पाण्याची दुसरी बाजू सांडपाण्याची. पुरवलेल्या पाण्याच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी होतं. पातळ मातीखाली लगेच खडक असेल तर शोषखड्डा काम करत नाही, मैला फटींतून उतरून खालच्या झऱ्याला लागतो. खाली जी गावं आहेत ती त्याच झऱ्यावर पितात.

किती पर्यटक झेपतील हे मोजता येतं का?

येतं. त्याला धारणक्षमता म्हणतात. पाणी, सांडपाणी, रस्ता, वाहनतळ, कचरा आणि जंगल यांपैकी प्रत्येकाची मर्यादा वेगळी काढायची, आणि त्यातली सगळ्यात लहान संख्या ही गावाची मर्यादा मानायची. चिखलदऱ्यात ती संख्या उन्हाळ्यात पाण्याने ठरेल आणि पावसाळ्यात रस्त्याने, असा माझा अंदाज आहे. सरासरी काढून «वर्षाला इतके लाख» म्हणणं फसवं आहे. गावाची दमछाक होते ती वर्षातल्या मोजक्या दिवशी, नियोजन त्या दिवसांसाठी करायचं.

गाड्यांचं काय करायचं? रस्ता रुंद केला तर सुटेल?

घाटात रस्ता रुंद करणं म्हणजे पुन्हा डोंगर कापणं. आणि वर पोहोचलेली गाडी उभी कुठे करणार? माझ्या मते गर्दीच्या दिवशी गाड्या खालीच, परतवाडा किंवा धामणगाव गढीच्या बाजूला थांबवाव्यात आणि वर एसटीच्या लहान बस सोडाव्यात. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही, तरी माथेरान ओस पडलेलं नाही. चिखलदऱ्याचे पॉइंट एकमेकांपासून दूर आहेत, त्यामुळे गावातल्या गावात फिरायलाही बस लागेल. ही व्यवस्था आराखड्यात बसवायची तर खालच्या वाहनतळाची जागा आजच राखून ठेवावी लागते. दहा वर्षांनी तिथे जमीन मिळणार नाही.

स्कायवॉकमुळे गावाचा विकास होईल ना?

गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक सिडकोने हाती घेतला, आणि केंद्राच्या वन्यजीव विषयक परवानगीसाठी हे काम बराच काळ थांबलं, हे तुम्ही वाचलं असेलच. तो बघायला लोक येणार, यात शंका नाही. माझा आग्रह असा आहे की असा प्रत्येक प्रकल्प आराखड्याच्या पोटात यावा. त्याने वाढणारी माणसं, त्यांचं पाणी, त्यांची स्वच्छतागृहं, त्यांच्या गाड्या आणि त्यातून गावाला मिळणारा पैसा, सगळं एकाच पानावर. तिकिटाच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा नगरपरिषदेच्या पाणी आणि कचऱ्याच्या खात्यात जावा असा ठराव करता येतो. तो आधी करायचा असतो.

तिथल्या कोरकू आणि गवळी कुटुंबांना या सगळ्यात जागा कुठे?

हा प्रश्न मला फार कमी लोक विचारतात. मी मात्र तो प्रत्येक सभेत काढते.

चिखलदरा आणि धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, तिथल्या ग्रामसभांना पेसा कायद्याने, १९९६ पासून, विशेष अधिकार आहेत. वनहक्क कायदा २००६ चा. म्हणजे भोवतालच्या गावांच्या जमिनीवर रंग भरताना ग्रामसभेला विचारणं ही मेहरबानी नाही.

कोरकू ढाण्याची, म्हणजे वस्तीची, रचना कधी नीट पाहिलीत का? कुडाच्या भिंतींच्या घरांच्या दोन रांगा समोरासमोर, आणि मधे रुंद, सारवलेली, सरळ मोकळी जागा. त्या जागेत मका-कुटकी वाळते, मुलं खेळतात, संध्याकाळी माणसं बसतात, होळीला तिथेच नाच होतो. गावाचं अंगण आहे ते. उपग्रहाच्या चित्रावरून नकाशा करणाऱ्याला ही मोकळी जागा रस्ता वाटते. त्यावर रस्त्याची रेघ एकदा पडली की पुढे डांबर येतं, मग वाहतूक येते, आणि घरांच्या दोन रांगा एकमेकींपासून तुटतात. जमीन वापराचा नकाशा करणाऱ्याने पायी फिरून ढाणे बघितलेच पाहिजेत, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट वेळेची. खरिपाचं काम आटोपलं की मेळघाटातली कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. जानेवारीत मसुदा जाहीर करून ३० दिवस दिले, तर ज्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे ती माणसं गावातच नसतात. मसुदा होळीनंतर जाहीर करा. त्याचा सारांश कोरकू भाषेत आठवडी बाजारात वाचून दाखवा. याला खर्च जवळपास नाही.

रोजगाराचंही असंच. मोथ्याकडे गवळ्यांचा खवा आणि रबडी, शेतकऱ्यांची स्ट्रॉबेरी, चिखलदऱ्याची कॉफी, ही तिथली स्वतःची कमाई आहे. आराखड्यात बाजाराचे ओटे, दूध थंड ठेवायची जागा, गुरांना चराई आणि पाण्याची वाट यांसाठी आरक्षणं दाखवता येतात. रिसॉर्टमध्ये वाढप्याची नोकरी एवढाच त्यांचा वाटा धरला, तर तो आराखडा त्यांचा नव्हे.

तिथे प्लॉट घ्यायचाय. लेआउटवाला म्हणतो सगळं एनए, म्हणजे बिगरशेती, आहे. घेऊ का?

कागद बघितल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. सातबाऱ्यावर जुना खातेदार आदिवासी आहे का ते फेरफारांसह मागे जाऊन तपासा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायला पूर्वमान्यता लागते, ती नसेल तर व्यवहार टिकत नाही. नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा, विक्रेत्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. मंजूर लेआउटचा नकाशा मागा. लेआउट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेरा क्रमांक असायला हवा. जागा व्याघ्र प्रकल्पाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते का, ते वनविभागाला लेखी विचारा. आणि एकदा भर पावसात जाऊन पाणी प्लॉटवरून कुठून कसं वाहतं ते पाहून या.

नागपुरात राहून आपल्याला एक सवय जडली आहे: आज अनधिकृत लेआउटमध्ये घ्या, पुढे नासुप्रकडून (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल, म्हणजे नियमित केल्याचं पत्र, मिळेलच. डोंगरावर या भरवशावर राहू नका. उतारावरचं बांधकाम कागदावर नियमित झालं तरी उतार तसाच राहतो.

आमच्या जमिनीवर आरक्षण पडलं. आता काय?

मसुद्याच्या टप्प्यावर असेल तर हरकत द्या आणि त्याच कामासाठी जवळची पर्यायी जागा सुचवा, त्याला वजन येतं. आराखडा अंतिम झाल्यावर १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली खरेदी सूचना देता येते. सूचनेनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. सूचनेचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या.

जंगल आणि किल्ल्याजवळ आराखडा काही सुचवू शकतो का?

फारसं नाही. वनजमिनीचा वापर बदलायला १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गाविलगड केंद्र संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मना आणि पुढचे २०० मीटर परवानगीने. या रेषा नगरपरिषदेच्या नकाशावर ठळक काढलेल्या असाव्यात, म्हणजे सामान्य माणूस फसणार नाही.

नागपुरात बसून आम्ही विद्यार्थी, अभियंते, आर्किटेक्ट काय मदत करू शकतो?

खूप. असा आराखडा करायला जी माहिती लागते ती देणाऱ्या संस्था आपल्या शहरात आहेत, याचा आपल्याला विसर पडतो. राज्याचं सुदूर संवेदन केंद्र, एमआरसॅक, व्हीएनआयटीच्या आवारात. माती आणि जमीन वापराचा राष्ट्रीय ब्यूरो अमरावती रोडवर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला. सांडपाण्यासाठी १९५८ पासूनची नीरी. व्हीएनआयटीत नियोजन शिकवतात. मागे एका बैठकीत एका अधिकाऱ्याने «उताराचा तपशीलवार नकाशा उपलब्ध नाही» असं कारण दिलं होतं, तेव्हा मला वाईट वाटलं. तो करू शकणारी माणसं सव्वादोनशे किलोमीटरवर बसलेली होती.

नियोजनाच्या विद्यार्थ्यांनी अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून एक ओढा, एक ढाणा, एक हॉटेल निवडून पाण्याचा मोजून हिशेब करावा. उगमापासून कड्यापर्यंत एकाच ओढ्याचा बारा महिन्यांचा नकाशा कुणी करून दिला तरी हरकतीच्या अर्जाला तो पुरावा म्हणून जोडता येईल.

आराखडा मंजूर झाल्यावर आपलं काम संपलं?

नाही. कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल म्हणून एकेक आरक्षण उठवलं जातं, त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि त्यावरही हरकत देता येते. ती सूचना बारीक टाइपात असते, गावातल्या एकाने तरी ती नियमित वाचायची जबाबदारी घ्यावी. कलम ३८ प्रमाणे आराखड्याची सुधारणा वीस वर्षांच्या आत करायची असते. अनधिकृत बांधकामावर कलम ५३ खाली नोटीस निघते, तिचं पुढे काय झालं ते माहिती अधिकारात विचारता येतं.

हे सगळं रामटेकलाही लागू होतं का?

बरंचसं. रामटेक आपल्याच जिल्ह्यात, वस्ती २०११ मध्ये २२ हजारांच्या वर, डोंगर लहान आणि गाव पायथ्याशी. पाणी खिंडसीच्या रूपाने जवळ असल्याने तिथली अडचण निराळी आहे. गडावरची वाकाटककालीन मंदिरं आणि पायथ्याचा अंबाळा तलाव यांना धक्का न लावता रामनवमी आणि त्रिपुरी पौर्णिमेची गर्दी कशी सामावायची, हा तिथला खरा प्रश्न. गडावर जाणाऱ्या गाड्या, दुकानांची रांग आणि अंबाळ्याच्या काठावर येणारं सांडपाणी, या तीन गोष्टींवर रामटेकच्या आराखड्यात हरकती द्यायच्या असतील तर वर दिलेला अर्जाचा नमुना तसाच वापरता येईल. कलमंही तीच.